फार्न्सवर्थ की ग्लास हाउस: एकच पाहायचं असेल तर

दोन्ही घरं काचेची नि पोलादाची, दोन्ही अमेरिकेत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेली.

सोय पाहिली तर वास्तुविशारद फिलिप जॉन्सनचं ग्लास हाउस पुढे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून लोकल पकडायची (बहुतेकदा स्टॅमफर्डला बदलून), कनेक्टिकटमधल्या न्यू केननला उतरायचं. स्वागतकक्ष स्टेशनासमोरच, पुढे त्यांची व्हॅन. ४९ एकरांत घराबरोबर कलादालनंही आहेत. वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहचं फार्न्सवर्थ हाउस इलिनॉयमधल्या प्लेनोजवळ, शिकागोपासून साधारण ९० किलोमीटर. तिथे गाडीशिवाय पंचाईत, आणि पुढे झाडीतून पायपीट.

राहण्याच्या दृष्टीनेही जॉन्सनचंच शहाणपणाचं. चारही बाजूंना मधोमध एकेक दार, म्हणजे वारा आरपार. फार्न्सवर्थमध्ये पश्चिमेला दार आणि पूर्वेला खाली दोन छोट्या खिडक्या, बस्स. एकेरी काच, त्यामुळे उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत काचांवर पाणी. वर नदीचा शेजार: जमिनीपासून सव्वापाच फूट उचललेल्या घरातही १९५४, १९९६ आणि २००८ साली पूर शिरला, १९९६ ला तर काचा फुटल्या.

तरीही माझं झुकतं माप फार्न्सवर्थलाच, आणि कारण तसं क्षुल्लक आहे. जॉन्सनच्या काचेवर कमरेच्या आसपास पोलादाची एक आडवी पट्टी घरभर फिरते. एकदा दिसली की हिरवळीकडे बघताना नजर तिच्यावरच अडते. शिवाय चारही कोपऱ्यांत खांब. मीसने आठही खांब काचेच्या बाहेर काढले आणि टोकांपासून आत सरकवले; जमीन आणि छत त्यांच्या पुढे अधांतरी जातात, त्यामुळे कोपऱ्यात खांबच नाही. काच जमिनीपासून छतापर्यंत सलग. खांब तुळईला जोडतानाचं वेल्डिंग घासून गुळगुळीत केलंय, वर पांढरा रंग. सांधा शोधूनही सापडत नाही. बोल्ट दिसले असते तर घर तरंगल्यासारखं वाटलंच नसतं, असं आपलं मला वाटतं.

बांधून आधी झालं जॉन्सनचं, १९४९ साली. मीसचं १९५१ ला. पण १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयात मीसचं प्रदर्शन जॉन्सननेच भरवलं होतं आणि फार्न्सवर्थचा नमुना त्यात होता. कल्पनेची ही उसनवारी जॉन्सनने लपवली नाही, हे त्याच्या बाजूने.

मुक्काम न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे असेल तर मुद्दाम शिकागो गाठा असं म्हणणार नाही. शिकागोत असाल तर मात्र भाड्याने गाडी घ्या. हिवाळ्यात दोन्ही घरं बंद असतात, तिकीट आधीच काढून ठेवा.