क्लोनझिला: जुनं डीटीपी मशीन आहे तसं नव्या डिस्कवर नेण्यासाठी

पुण्यात नारायण पेठेत आमचं अक्षरजुळणीचं ऑफिस आहे. पुस्तकं, स्मरणिका आणि पावसाळा लागला की दिवाळी अंक. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची सातवी आवृत्ती 2001 साली आली, ती शेवटचीच. पण जुन्या पुस्तकांच्या फायली अजून तिच्यात आहेत, त्याही युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. फाँटची आवृत्ती जरा बदलली की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि पुनर्मुद्रणासाठी अख्ख्या पुस्तकाचं प्रूफ परत वाचावं लागतं. त्यामुळे ‘फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका’ हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही. मशीन जसंच्या तसं नव्या डिस्कवर गेलं पाहिजे.

या कामाला, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल (क्लोन) करायला, मी क्लोनझिला वापरते. तैवानच्या एनसीएचसी या संगणन केंद्रातून आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे पडत नाहीत. हेच काम करणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीचा सपोर्ट 1 जानेवारी 2024 ला संपला, तेव्हापासून ओळखीचे डीटीपीवाले ‘आता काय वापरायचं’ असं विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालतं. विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे कॉपी होत असताना कुठलीही फाईल मागे बदलत नाही. पडद्यावर बटणं नाहीत, माउसला काम नाही. निळ्या-करड्या चौकटी, बाणाच्या कळा आणि एंटर. पहिल्यांदा बघणाऱ्याला धडकी भरते. पण प्रत्येक डिस्कसमोर तिचा आकार, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेला असतो, हे मला फार मोलाचं वाटतं. मी नवी डिस्क बसवण्याआधी तिच्यावरचा नंबर कागदावर उतरवते आणि पडद्यावरच्या नंबरशी अक्षर अक्षर ताडून बघते. डिस्कवर लिहायच्या आधी ते पुन्हा पुन्हा विचारतं. प्रत्येक वेळी वाय दाबण्याआधी थांबून वाचावं, कारण कुठून कुठे हे उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते.

आता नेहमीच्या अडचणी. सगळ्यात जास्त नडतो तो आकार. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या संगणकाच्या बाजारात, 480 जीबीच्या एसएसडी सर्रास मिळतात आणि जुनी हार्ड डिस्क 500 जीबीची असते. आत सामान 150 जीबीच असलं तरी क्लोनझिला नकार देतं, कारण नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी हा त्याचा मूळ नियम आहे. 480 वालीत तब्बल वीस अब्ज बाइट कमी असतात. एक्स्पर्ट मोडमध्ये ही तपासणी वगळता येते, पण त्याआधी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, आकसून घ्यावी लागतात, आणि विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन बहुतेक वेळा डिस्कच्या अगदी शेवटी असतं. नुसतं सी ड्राइव्ह लहान करून भागत नाही, ते शेपूटही डिस्कच्या सुरुवातीकडे ओढावं लागतं. सरळ 512 जीबीची डिस्क घ्यावी, डोक्याचा ताप वाचतो.

दुसरी अडचण विंडोजच्या फास्ट स्टार्टअपची. ‘शट डाउन’ केलं तरी मशीन अर्धवट झोपलेलं असतं आणि क्लोनझिला त्या पार्टिशनला हात लावत नाही. अनेक जण यालाच सॉफ्टवेअर बिघडलं म्हणतात. मला उलट ते अडतं म्हणूनच त्याचा भरवसा वाटतो. शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन करावं, तरी अडलं तर विंडोजमधलं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवून परत यावं.

आमच्या मुख्य मशीनची 500 जीबीची डिस्क मंदावली तेव्हा डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा इशारा दिला. करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडखळणाऱ्या जागा, वाढत होत्या. अशा वेळी साधा क्लोन मध्येच थांबतो. रेस्क्यू हा पर्याय लावला की खराब जागा सोडून काम पुढे सरकतं. मी आधी बाहेरच्या डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची फायलींच्या रूपातली प्रत, घेतली, क्लोनझिलाकडून ती तपासून घेतली आणि मगच नव्या एसएसडीवर उतरवली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाचता न आलेल्या जागी नव्या डिस्कवर भरताड लिहिलेलं असतं, आणि नव्या डिस्कला ते नीट वाचता येतं. त्यामुळे चेकडिस्क सगळं ठीक आहे म्हणतं आणि फाईल मात्र फाटलेली असते. आमच्या एका मुखपृष्ठाच्या टिफ फाईलचा खालचा पट्टा असाच गेला होता. ती वेगळ्या बॅकअपमधून परत आणली. चालू कामाच्या फायली उघडूनच बघाव्या लागतात. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर क्लोनझिला लावूच नका. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. पैसे जास्त पडतात, पण प्रत्येक फेरी डिस्कला आणखी मारते.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोन्हींची सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो आकडा, सारखीच असते, त्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा मशीन गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतं आणि आपण काम झालं असं समजतो. नुसत्या नव्या डिस्कवर विंडोज उठलं, पेजमेकर उघडला, जुन्या फायलीतलं एक पान पीडीएफ होऊन रफार जागच्या जागी दिसला, म्हणजे माझ्या लेखी क्लोन झाला. निळी पाटी येऊन बूटची माहिती सापडत नाही असं म्हणालं, तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही आज्ञा देऊन ती माहिती नव्याने लिहिता येते. नवं मशीन असेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या पद्धतींवर आहे का बघावं, कारण अशी डिस्क क्लोनझिलाला कधी कधी दिसतच नाही.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, बऱ्याचदा आधीपासून चालू असतं. कुलूपबंद पार्टिशनची इमेज क्लोनझिला सेक्टर सेक्टर उचलून घेतं, म्हणजे रिकामी जागाही इमेजमध्ये येते आणि तास वाढतात. आधी बिटलॉकर काढावं, काम झाल्यावर परत लावावं, आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

कमतरता दोन आहेत आणि दोन्ही मोठ्या. रोज फक्त बदललेलं तेवढं उचलणारा बॅकअप यात नाही. दर वेळी मशीन बंद करून पूर्ण इमेज घ्यावी लागते. आणि इमेजमधून एकच फाईल काढायची सोय सहज नाही. त्यासाठी मी रेस्क्यूझिला जवळ ठेवते. त्याला खिडक्या आणि बटणं आहेत, क्लोनझिलाची इमेज ते वाचतं आणि आतल्या फायली दाखवतं. घाबरणाऱ्यांनी सुरुवात त्यानेच करावी. रोजच्या कामाच्या फायली आम्ही वेगळ्या डिस्कवर कॉपी करतो आणि एक प्रत ऑफिसबाहेर, कोथरूडला माझ्या घरी असते. इमेज घ्यायची ती दिवाळी अंकांचं काम सुरू होण्याआधी, यूपीएस लावून, आणि गुरुवार सोडून. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे पुणेकरांना सांगायला नको.