दात पांढरे करून देणाऱ्या स्टॉलवर पैसे भरण्याआधी हे वाचा

कोथरूडला भरलेल्या एका प्रदर्शनात, साड्या आणि मसाल्यांच्या गर्दीत, दात पांढरे करून देणाऱ्यांचा स्टॉल होता. तिथे माझे १२,००० रुपये गेले आणि वर दातांना इजा झाली. पैसे परत कमावता येतात. दातावरचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, एकदा झिजलं की शरीर ते पुन्हा तयार करत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी अनेक वर्षं कॉफी पिते आहे. सकाळी घरची फिल्टर कॉफी, ऑफिसात मशिनची, शिवाय फर्ग्युसन रस्त्यावर मैत्रिणी भेटल्या की आणखी एक. समोरच्या दातांच्या फटींत तपकिरी रेघा धरल्या होत्या आणि भाचीचं लग्न जवळ आलं होतं.

स्टॉलवर पांढरा कोट घातलेला एक तरुण होता आणि त्याला "डॉक्टर, डॉक्टर" म्हणणारी एक मुलगी. तिने आधी विचारलं, "मॅडम, दिवसाला किती कप कॉफी होते?" उत्तर एका कार्डावर लिहून घेतलं. मला वाटलं, किती नीट चौकशी करतात! हा प्रश्न नक्की कशासाठी होता, ते पुढे सांगते.

मग दातांच्या छटांची पट्टी माझ्या दातांशी धरली आणि "तुमचा ए-फोर आहे, ए-वन करून देतो" असं सांगितलं. ए गटात ए-फोर सगळ्यात गडद आणि ए-वन सगळ्यात फिका. ओठ ताणून धरणारी प्लास्टिकची चौकट तोंडात बसवली, दातांवर जेल लावलं आणि निळा दिवा समोर ठेवला. बराच वेळ तोंड तसंच उघडं. हिरड्या चुरचुरायला लागल्यावर मी हाताने खूण केली, तर "म्हणजे काम होतंय" असं उत्तर मिळालं. शेवटी आरसा दिला. दात खरोखर पांढरे दिसत होते.

त्याच क्षणी पॅकेज पुढे आलं. एका बैठकीने रंग टिकत नाही, सगळ्या बैठका घेतल्या तर कायमचा, आज भरलं तर १२,००० आणि उद्यापासून २०,०००. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा फर्मचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. बिल मागितलं तर प्रिंटर बंद होता, म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ते कधीच आलं नाही.

रात्री पाण्याचा घोट घेतला आणि मस्तकापर्यंत कळ गेली. हिरड्यांच्या कडेला पांढरे चट्टे उठले होते. दुसऱ्या दिवशी दात पुन्हा पहिल्यासारखे पिवळट. फोन केला तर ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही कॉफी घेतली असणार. कार्डावर लिहिलंय ना तुमचं प्रमाण. मग आमची जबाबदारी नाही." मी त्यानंतर एक घोटही घेतला नव्हता. कॉफी पिणारं गिऱ्हाईक त्यांना याचसाठी हवं असतं. रंग परत येणार हे त्यांना ठाऊक असतं, आणि दोष कोणावर टाकायचा हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. दाताच्या डॉक्टरांकडे रीतसर ब्लीचिंग, म्हणजे रसायनाने दात पांढरे करणं, केल्यावरही एक-दोन दिवस चहा-कॉफी टाळायला सांगतात, त्यामुळे त्यांचं बोलणं खरंही वाटतं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या दाताच्या डॉक्टर बाईंनी पांढरेपणाचं कारण सांगितलं. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की एनॅमलमधला ओलावा उडतो आणि वाळलेला दात पांढरा दिसतो. लाळेने तो पुन्हा ओला झाला की मूळ रंग परततो. हिरड्यांवरचे चट्टे जेलने भाजल्याचे होते. ब्लीचिंगला हायड्रोजन किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात, आणि दवाखान्यात तीव्र जेल लावण्याआधी हिरड्या झाकून घेतात. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली अशी उत्पादनं फक्त दंतवैद्यालाच विकता येतात. स्टॉलवरच्या जेलच्या नळीवर घटकांची नावंच नव्हती. माझ्या समोरच्या एका दातावर कॅप, म्हणजे कृत्रिम आवरण, आहे आणि पेरॉक्साइडने कॅपचा रंग बदलत नाही. स्टॉलवर कोणी तेही विचारलं नाही.

सगळ्यात वाईट याचं वाटलं की मला ब्लीचिंगची गरजच नव्हती. लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर दातांवर सतत असतो, कॉफीतली रंगद्रव्यं त्यावर चिकटतात. तो डाग वरचा असतो. बाईंनी आधी फ्लोराइड लावलं, दातांचं शिवशिवणं कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरायला दिली, आणि कळा थांबल्यावर साधं स्केलिंग-पॉलिशिंग, म्हणजे दातांवरचा थर काढून घासून सफाई, केली. त्या रेघा निघाल्या. मी आजही कॉफी पिते. कप घेऊन तासभर घुटके घेत बसत नाही, पिऊन झालं की साध्या पाण्याने चूळ भरते आणि ब्रश करायला अर्धा तास थांबते, कारण कॉफीसारख्या आम्लयुक्त पेयाने एनॅमलचा पृष्ठभाग थोडा मऊ पडलेला असतो. लिंबू किंवा कोळशाची पावडर दातांवर चोळू नका, त्याने एनॅमलच जातं.

मी परत गेले तोवर प्रदर्शन संपलं होतं. आयोजक म्हणाले, "आम्ही फक्त जागा भाड्याने देतो." स्टॉलवाल्यांकडे फोनवर त्या "डॉक्टर"चा नोंदणी क्रमांक मागितला, तर तो हेड ऑफिसला आहे म्हणाले. आपल्याकडे दातांवर उपचार करणाऱ्याची नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असावी लागते. खरा डॉक्टर आपला क्रमांक लगेच सांगतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं शुल्क लागत नाही. आता तोच मार्ग धरते आहे.

तुम्ही अशा ठिकाणी पॅकेज घेतलं असेल तर भरलेले पैसे वाया जाऊ नयेत एवढ्यासाठी उरलेल्या बैठकांना जायचा मोह टाळा. कार्ड, पैसे भरल्याची नोंद, चॅट आणि हिरड्यांचे फोटो जपून ठेवा, आणि दात शिवशिवत असतील तर आधी नोंदणी असलेल्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहून दिलेला कागद तक्रारीला जोडता येतो.