इंडक्शन शेगडी: उघडून पाहिल्यावरचे मत

अडीच वर्षे रोज वापरलेली आमची २,००० वॉटची इंडक्शन शेगडी गेल्या पावसाळ्यात एकाएकी बंद पडली, आणि सेवा केंद्राने संपूर्ण बोर्डच बदलण्याचा आग्रह धरल्यामुळे मी ती कोथरूडच्या घरी स्वतःच उघडली. फ्यूज शाबूत होता. मात्र पंखा आणि नियंत्रण सर्किट चालवणाऱ्या १८ व्होल्टच्या पुरवठ्यावर मल्टिमीटर जेमतेम ११ व्होल्ट दाखवत होता. त्या पुरवठ्याचा फिल्टर कपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, फुगला होता, कारण उत्पादकाने तो तापणाऱ्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) जवळजवळ चिकटवूनच बसवला आहे, आणि ही मांडणी मला अक्षम्य वाटते. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा कपॅसिटर किरकोळ पैशांत मिळाला; तो हीटसिंकपासून दूर, पंख्याच्या झोतात आडवा बसवला.

येथे सावध राहावे लागते: प्लग काढल्यानंतरही मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट काही काळ टिकू शकतात, त्यामुळे मोजल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. पहिल्यांदा वीज देताना १०० वॉटचा दिवा सिरीजमध्ये, म्हणजे शेगडीकडे जाणारी वीज त्यातूनच जाईल असा, जोडला; आत शॉर्ट असता तर तो पेटलेलाच राहिला असता. तो क्षणभर उजळून विझला, म्हणजे आत शॉर्ट नव्हता.

हात घातलाच होता, म्हणून कर्कश बझरच्या छिद्रावर चिकटपट्टीही लावली, आणि घरात कौतुक झाले ते याच सुधारणेचे. काच आणि कॉइल उत्तम आहेत. वायर मात्र आखूडच आहे.