छापील नावापेक्षा काच खरी बोलते: जुन्या व्हॉल्व्हांसोबतचे आठ महिने

एका हौशी मित्राने हाताने बांधलेला छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला. पुढे एक ईसीसी ८३, मागे दोन ईएल ८४ (ही व्हॉल्व्हांची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांची, नावं), आणि प्रत्येक बाजूला जेमतेम चार-पाच वॉट. हॉलमध्ये बसून एलपी ऐकायला तेवढं पुष्कळ होतं. पण मित्राने व्हॉल्व्ह काढून घेतले होते. "ते तुझे तू शोध," म्हणाला.

पहिली जोडी मी इंटरनेटवरून मागवली. जाहिरातीत 'मुलार्ड ईएल ८४, साठच्या दशकातले, न वापरलेले' असं लिहिलेलं होतं. मुलार्ड ही जुनी ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनी. पाकीट उघडलं तेव्हा अक्षरं कालच छापल्यासारखी पांढरीशुभ्र! मुलार्डचं जुनं पांढरं छापकाम अंगठा फिरवला तरी पुसट होतं, हे मित्राने सांगून ठेवलं होतं. हे मात्र नखाने खरवडूनही हलेना. मग त्यानेच सांगितलेली युक्ती केली, काचेवर तोंडाची वाफ सोडली. वाफ धरली तसं छापलेल्या नावाच्या मागच्या बाजूला दुसरंच काही उमटलं. आधी ६, मग दाराच्या चौकटीसारखं अक्षर, १४, पुन्हा चौकट. रशियन लिपीतला 'प' तसाच लिहितात. खाली रोमन आठ आणि ७९. म्हणजे सोव्हिएत बनावटीचा ६ पी १४ पी, ऑगस्ट १९७९ मधला.

हा व्हॉल्व्ह वाईट नाही बरं का. ईएल ८४ च्या जागी बसतो आणि बरा वाजतो. माझी तक्रार एवढीच की पैसे मुलार्डचे मोजले होते. विक्रेत्याने दोन फोन उचलले, तिसरा उचलला नाही.

त्यानंतर मी छापील नावाकडे बघणंच सोडलं. फिलिप्सच्या गोतावळ्यातल्या व्हॉल्व्हांवर, म्हणजे मुलार्ड, व्हाल्वो, ॲम्परेक्स वगैरे, पिनांच्या जरा वर काचेवर आम्लाने कोरलेल्या दोन राखाडी ओळी असतात. समोरून दिसत नाहीत. टॉर्च आडवा धरून व्हॉल्व्ह सावकाश फिरवायचा, मग सापडतात. पहिली ओळ प्रकार आणि त्यातला बदल सांगते. ईएल ३४ वर 'एक्सएफ १', 'एक्सएफ २' असं दिसतं ते हेच. रचनेत बदल झाला की पुढचा आकडा वाढतो. दुसऱ्या ओळीत जन्मपत्रिका असते. समजा, 'बी ५ के ३' आहे. बी म्हणजे मुलार्डचा इंग्लंडात लँकेशरमधला ब्लॅकबर्नचा कारखाना. ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा. महिने ए ते एल या अक्षरांनी, म्हणून के हा नोव्हेंबर. शेवटचा ३ म्हणजे त्या महिन्याचा तिसरा आठवडा.

अडचण त्या ५ ची. १९५५ की १९६५ की १९७५? ते कोड सांगत नाही, आतली रचना सांगते. ईसीसी ८३ मध्ये जुन्या प्लेटा लांब, सुमारे १७ मिलिमीटर. नंतरच्या १४ च्या आसपास. वरच्या गेटरची, म्हणजे आत उरलेली हवा शोषणाऱ्या भागाची, तार इंग्रजी डी सारखी असेल तर माल सहसा जुना, गोल कडी असेल तर नंतरचा. मी आता खिशात छोटी पट्टी ठेवतो. बायको म्हणते, दात तपासायला निघाल्यासारखे दिसता.

पुण्यातल्या जुन्या बाजारात एका रविवारी एक ईसीसी ८३ मिळाला. नाव मुलार्ड, छापकाम अर्धं उडालेलं, पण दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला बी ऐवजी त्रिकोण. त्रिकोण म्हणजे हॉलंडमधलं हेर्लेन. आधी वाटलं, पुन्हा फसलो. पण मुलार्ड १९२७ पासून फिलिप्सच्याच मालकीची, आणि या कंपन्या एकमेकींचा माल आपल्या नावाने सर्रास विकत. छापलेलं नाव विकणाऱ्याचं, कोरलेलं बनवणाऱ्याचं. घरी आणून मी तो काच पुसायच्या स्प्रेने चकचकीत केला आणि उरलंसुरलं 'मुलार्ड'ही गेलं. कोरीव ओळी जशाच्या तशा. तुम्ही हे करू नका, कोरडा ब्रश पुरतो.

जर्मन टेलिफंकन कंपनीची खूण त्याहून सोपी. तळाच्या काचेतच, पिनांच्या मधोमध, उठावाचा चौकटचा एक्का. अमेरिकन मालावर आकडे वाचायचे, २७४ आरसीए, १८८ जनरल इलेक्ट्रिक, ३२२ टंगसोल, पुढे वर्ष आणि आठवडा.

आपल्या बीईएलचं, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचं, काय? बंगळूरची ही सरकारी कंपनी १९५४ ची, रेडिओचे व्हॉल्व्ह तिथे १९६१ पासून निघू लागले. म्हणून कोणी १९५८ चा बीईएल दाखवला तर हसून पुढे जायचं. मला दोन ईएल ८४ आणि एक ईसीसी ८३ एका बंद पडलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून मिळाले, खोक्यासकट. तिघांचे मिळून जेवढे दिले, त्यात इंटरनेटवरच्या त्या 'मुलार्ड'चा एकही आला नसता.

तारीख कळली म्हणजे तब्येत कळली असं नाही. एका जुन्या मेकॅनिककाकांकडे एव्हो कंपनीचा टेस्टर आहे. व्हॉल्व्हची ताकद त्याच्या वाहकतेवरून कळते, आणि ईएल ८४ ची पुस्तकी वाहकता ११.३ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. बीईएल १०.६ आणि १०.९ भरले, रशियनांपैकी एक ७ च्याही खाली. काका म्हणाले, "न वापरलेला म्हणे! हा कुणाच्या तरी रेडिओत घासून निघालाय." गेटरची चांदी, म्हणजे काचेच्या आतला चंदेरी थर, मात्र झकास होती. ती दुधाळ पांढरी झाली तर आत हवा शिरलेली असते, पण चकाकते म्हणून व्हॉल्व्ह ताजा असतोच असं नाही.

रोज तीनेक तास वाजवून एवढं सांगतो. हेर्लेनचा ईसीसी ८३ पहिले चार महिने फार गोड होता. भीमसेनांच्या आलापातला तानपुरा वेगळा ऐकू यायचा. मग त्याला टिचकी लागू लागली. टेबलावर कप ठेवला तरी स्पीकरमधून 'टण्ण'. बीईएलच्या ईसीसी ८३ ला सुरुवातीला किंचित सूं होती, पंधरा दिवसांत ती बसली. तानपुरा थोडा मागे गेला, पण कप ठेवता येतो.

व्हॉल्व्ह बदलताना घाई करू नका. आत अडीचशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. मला एकदा झटका बसलाय.

सध्या तिन्ही बीईएलच वाजतायत. सुस्थितीतला रशियन व्हॉल्व्ह डब्यात राखीव आहे. त्याच्यावरचं खोटं नाव मी थिनरने पुसलं आणि स्केचपेनने लिहिलं, ६ पी १४ पी, ऑगस्ट ७९.