भाड्याच्या जनसेटवर जीपीएसवाला सिम राउटर: वर्षभर वापरल्यानंतर

भाड्याने गेलेला जनसेट (डिझेल जनरेटर) नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून आम्ही जीपीएस असलेले फोर-जी राउटर बसवले. पावसाळा, आषाढी वारी आणि भर उन्हाळा काढल्यावर माझं मत असं झालंय की नकाशावरचा ठिपका हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. तेवढंच हवं असेल तर साधा ट्रॅकर घ्या, कितीतरी स्वस्त पडेल. राउटर घ्यायचा तो इंजिनाची खबर मिळावी म्हणून.

जनसेटच्या कंट्रोलरला, म्हणजे इंजिनावर लक्ष ठेवणाऱ्या पॅनेलला, आरएस-४८५ पोर्ट (डेटाची वायर जोडायची जागा) असेल तर मॉडबसवरून, म्हणजे यंत्रांच्या आपसात बोलायच्या भाषेतून, चालू तास, डिझेलची पातळी, कूलंटचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट हे सगळं ऑफिसात बसून दिसतं. आमचं बिल तासांवर असतं. महिनाअखेरीस गिऱ्हाइकाशी जी हुज्जत व्हायची ती जवळपास संपली, कारण दोघांसमोर एकच आकडा असतो. डिझेलचंही तेच. ६२.५ केव्हीएचा सेट बऱ्यापैकी लोडवर तासाला साधारण १० ते १४ लिटर पितो. इंजिन बंद असताना पातळी झपकन उतरली तर काय ते समजतं. पण सेट उतारावर उभा असला की टाकीतला फ्लोट चुकीचं दाखवतो. एका आकड्यावरून ऑपरेटरवर आळ घेऊ नका, रात्रभर सेटपाशी तोच जागत असतो. दोन-तीन दिवसांचा आलेख बघा, मग बोला.

खरी मेख पॉवरची. राउटर सरासरी ३ वॉट घेतो असं धरलं तर १२ व्होल्टवर पाव अँपिअर, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. यार्डात नुसता उभा असलेला सेट आठ दिवसांत १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी करून टाकतो, आणि साइटवर पोचल्यावर सेल्फ उचलत नाही. उलट सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं पडतं की राउटर रीस्टार्ट होतो आणि नेमक्या त्या मिनिटांची नोंद गायब होते. राउटरला वेगळी छोटी बॅटरी दिली, ती आयसोलेटरमधून (दोन बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा भाग) चार्ज होते, आणि कॅनोपीवर, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या खोक्यावर, सोलर पॅनेल टाकलं. दोन्ही दुखणी गेली. मुख्य बॅटरीच्या वायरी कोणी तोडल्या तरी सेट हलल्याचा मेसेज येतो, हा त्यातला मोठा फायदा.

अँटेना कॅनोपीच्या आत ठेवून चालत नाही, लोखंडी पत्रा सिग्नल अडवतो. वर चुंबकाने चिकटवली तर हायड्रा क्रेन सेट उचलते तेव्हा पट्ट्यात अडकून निघते. भोक पाडून बोल्टची अँटेना लावा, खाली रबर द्या. इंजिनाच्या थरथरीने अँटेनाचे नट सैल होतात. दर सर्व्हिसला फिटरने हात लावून बघायला हवेत. राउटर स्वतः सहसा वॉटरप्रूफ नसतो, बंद डब्यात, वायरींच्या भोकांना ग्लँड (पाणी अडवणारी बुचं) लावूनच बसवावा.

नेटवर्कची परीक्षा वारीत झाली. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत सेट पालखीच्या मुक्कामाबरोबर पुढे सरकतात. तिथे लाखो फोन एकाच टॉवरवर असतात. रेंजच्या काड्या पूर्ण आणि डेटा हलत नाही, अशी अवस्था. त्यामुळे राउटरने त्यातल्या दुसऱ्या सिमवर जायची अट रेंजवर नको, पिंगवर (सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं) ठेवा: पिंग सलग फसला की सिम बदल. शिवाय नेट नसताना जागेच्या नोंदी साठवून नंतर पाठवणारं मॉडेलच घ्या. ताम्हिणीसारख्या घाटातही त्याचाच आधार असतो.

आपल्याकडे साध्या सिमवर सहसा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे राउटरला बाहेरून थेट हाक मारता येत नाही. राउटरनेच व्हीपीएन (नेटवरची खाजगी, सुरक्षित जोडणी) जोडून सर्व्हरकडे यायला हवं. राउटरच्या कंपनीचं क्लाउड पोर्टल वापरलं तर हे आपोआप होतं, पण त्याचं वार्षिक लायसन प्रत्येक राउटरमागे असतं. आमच्या विक्रेत्याने पहिल्या बिलापर्यंत हे सांगितलंच नाही, याचा राग आहे. तुम्ही खरेदीआधी लेखी विचारा. आम्ही आता वायरगार्ड हे व्हीपीएन स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो. कारखान्याचा पासवर्ड बदला, सिमला पिन घाला. मिनिटाला एक नोंद पाठवली तरी महिन्याला फारसा डेटा जात नाही, त्याची चिंता नको.

मोठ्या सेटसाठी मी हे पुन्हा नक्की घेईन. पुढचा नंबर डिझेल कॉम्प्रेसरचा, तेही तासांवरच भाड्याने जातात. मांडवांना जाणाऱ्या छोट्या सेटना मात्र साधे ट्रॅकरच लावलेत. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या कंट्रोलरला पोर्टच नाही.