नवा म्हणून बसवलेला ईसीएम जुनाच निघाला

माझ्या पेट्रोल गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाला कधी आणि किती पेट्रोल सोडायचं हे ठरवणारा संगणकाचा डबा, 'उडाला' म्हणून मी नवा बसवून घेतला. त्या पैशांत चार नवे टायर येऊन वर काही उरलं असतं. पुढे कळलं की डबा बदललाच नव्हता. जुनाच काढून, पुसून, वर कोरं करकरीत स्टिकर चिकटवून परत लावला होता. मला कसं गंडवलं ते जरा तपशिलात लिहितो, कारण खुणा सगळ्या डोळ्यांसमोर होत्या.

तक्रार अशी होती: गाडी गरम झाल्यावरही जड चालायची, उभी असताना आयडलिंग वरखाली व्हायचं, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास आणि काळा धूर, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलेलं. चेक इंजिनचा दिवा मधूनच लागायचा, मधूनच विझायचा. गॅरेज नवीन होतं, चकाचक होतं आणि त्यांच्याकडे मोठ्या पडद्याचा स्कॅनर होता. अशा पडद्यासमोर माझ्यासारख्याची अक्कल गहाण पडते.

मला बाहेर बसवून गाडी आत नेली. वीसेक मिनिटांनी आत बोलावून पडद्यावरचे बिघाडाचे कोड दाखवले. पी ०११८, पी ०११३, पी ०२०१, खाली आणखी दोन-तीन. "साहेब, एकदोन कोड असते तर सेन्सर म्हटलं असतं. एवढे एकदम आले म्हणजे मेंदूच गेला." मला ते पटलं. आज त्याच वाक्याचं हसू येतं.

हे कोड गुपित नाहीत. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना बिघाड अशा कोडने नोंदवायची पद्धत सक्तीची झाली आणि नंतर ती जगभर पसरली. 'पी'नंतर शून्य असेल तर कोडचा अर्थ कुठल्याही कंपनीच्या गाडीत एकच. पी ०११८ म्हणजे कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. पी ०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमान सेन्सरचं तसंच. पी ०२०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागाचं, सर्किट. यातला 'सर्किट' हा शब्द महत्त्वाचा. सर्किटमध्ये सेन्सर आला, कपलर (वायर जोडायचा प्लग) आला, वायर आली, अर्थिंग आलं आणि सगळ्यात शेवटी ईसीएम. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर आपल्याला शोधावं लागतं.

शिवाय इग्निशन चालू ठेवून एखादा कपलर ओढून काढला की त्याचा कोड बऱ्याचदा लगेच नोंदला जातो. चार कपलर काढा, चार कोड. आत तेच झालं असणार असं माझं मत आहे, कारण पहिल्या सिलिंडरचा इंजेक्टर खरोखर बंद असता तर गाडी थरथरत, मिसिंग खात आली असती. मी तर ती जड का होईना, पण मिसिंगशिवाय चालवत नेली होती! बऱ्याच गाड्यांत कोडसोबत त्या क्षणाची नोंदही राहते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तिथे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) शून्य दिसला असता तर कोड बंद इंजिनावर आल्याचं तिथल्या तिथे कळलं असतं. मी विचारलंच नाही.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. छान चालली. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच धूर. गॅरेजवाला म्हणाला, आता इंजेक्टर बदलावे लागतील. इथे मात्र मी थांबलो आणि एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांचा स्कॅनर हाताच्या पंजाएवढा. त्यांनी कोड पाहिले आणि बाजूला ठेवले, लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी काय सांगतायत ते, उघडला. इंजिनावर हात ठेववत नव्हता आणि पडद्यावर कूलंटचं तापमान १४ अंश! काकांनी सेन्सरचा कपलर नुसता हलवला, आकडा उणे ४० वर गेला. सोडला, परत १४.

मग त्यांनी कपलर काढला आणि वायरच्या एका तुकड्याने त्याच्या दोन्ही पिना जोडल्या. आकडा उसळून थेट वरच्या टोकाला. "वायर ठीक, ईसीएमही ठीक. तो बरोबर वाचतोय, त्याला खोटं सांगितलं जातंय." कपलरच्या आत एका पिनेवर हिरवा गंज चढला होता.

हे समजून घ्यायला सोपं आहे. ईसीएम सेन्सरला ५ व्होल्ट देतो. सेन्सर थंड असताना त्याचा रोध जास्त, गरम होईल तसा कमी. मध्ये गंज आला की रोध वाढतो, आणि ईसीएमला वाटतं इंजिन अजून गारच आहे. मग तो इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो, जसं थंड इंजिनाला लागतं तसं. गरम इंजिनात साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण राखण्यासाठी तो धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतो, पण इंजिन पुरेसं तापल्याची खात्री होईपर्यंत ऐकत नाही. म्हणजे दुरुस्त करणारा सेन्सर धडधाकट असूनही गप्प बसवलेला. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली, तेव्हाही ती इंजिनाचं तापमान विचारूनच पेट्रोल सोडायची. इतकी जुनी गोष्ट, आणि मी तिच्यापायी मेंदू बदलायला निघालो होतो. पहिल्या गॅरेजमध्ये कपलर काढून घालताना बहुधा गंज थोडा खरवडला गेला, म्हणून ते तीन आठवडे गाडी छान चालली.

काकांनी पिन बदलली आणि सहज विचारलं, "नवा ईसीएम घातला तेव्हा दोन्ही चाव्या नेल्या होत्या ना?" मी एकच दिली होती. माझ्या गाडीत चाव्यांची ओळख ईसीएममध्येच साठवलेली असते (सगळ्या गाड्यांत असं नसतं). डबा नवा असेल तर त्याला प्रत्येक चावी शिकवावी लागते, न शिकवलेल्या चावीने इंजिन सुरू होणार नाही. घरी जाऊन कपाटातली दुसरी चावी आणली. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू.

मग बॅटरी बदलताना काढलेला एक जुना फोटो आठवला. ईसीएम बॅटरीला लागूनच आहे, फोटोत त्याचं लेबल आलं होतं. काकांनी नव्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली जुनं लेबल, आणि अनुक्रमांक फोटोतलाच, शेवटच्या अंकापर्यंत.

फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेलो. काढलेला जुना डबा दाखवा म्हटलं, तर तो भंगारात गेला म्हणाले. स्टिकर? ते पुरवठादाराने लावलं असेल. चावी? होतं असं कधीकधी. शेवटी मी बिल काढून टेबलावर ठेवलं. मालकाने ते माझ्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'ईसीएमचे काम', एवढंच लिहिलं होतं. 'नवीन' हा शब्द बिलावर कुठेच नव्हता.