ओस्लोतले दोन हिवाळे आणि विजेच्या गाडीचे ब्रेक

ओस्लोत होल्मेनकोलेनच्या चढावर आमचे घर आहे आणि कामासाठी मला रोज शहरात उतरावे लागते. दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरमध्ये, मी तीन वर्षे वापरलेली विजेची गाडी घेतली. थंडीत तिचा पल्ला घटतो हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर शाई खर्च करत नाही. ब्रेकबद्दल मात्र गाडी घेताना कोणी अवाक्षर काढले नव्हते.

पहिला धडा डिसेंबरात मिळाला. रात्रभर चार्जिंग करून बॅटरी पूर्ण भरलेली, बाहेर उणे बारा अंश, आणि घरातून निघताच उतार. एरवी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट वीज तयार करू लागते आणि गाडीचा वेग आपोआप कमी होतो. कसारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना इंजिन जसे गाडीला मागे धरून ठेवते, तसेच काहीसे. त्या सकाळी ते धरून ठेवणेच नाहीसे झाले होते. गाडी वळणाकडे मोकळी घरंगळत निघाली आणि क्षणभर मला ब्रेक गेल्यासारखेच वाटले. प्रत्यक्षात पायाखालचा ब्रेक शाबूत होता. फक्त माझा पाय त्याला विसरला होता. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घ्यायला जागा नसते, आणि गारठलेल्या बॅटरीत जोराने वीज भरली तर लिथियम बॅटरीच्या एका ध्रुवातल्या ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू शकते. म्हणून गाडीचे नियंत्रण स्वतःच ही वीज रोखते. तेव्हापासून मी ऐंशी टक्क्यांवर थांबतो आणि चार्जिंग निघण्याच्या जरासे आधी संपेल अशी वेळ लावतो, कारण चार्जिंगमुळे बॅटरीला थोडी ऊबही मिळते.

दुसरा धडा महाग पडला. नॉर्वेत गाडीला चार वर्षे झाली की पहिली सक्तीची तपासणी होते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या घर्षणाच्या पट्ट्या, जवळजवळ कोरे असल्याने मी निर्धास्त होतो, पण तपासणीत ब्रेकचा जोर मोजणाऱ्या रोलरवर मागच्या दोन चाकांचा ब्रेक असमान लागला आणि गाडी नापास झाली. चाक काढल्यावर दिसले की डिस्कची बाहेरची बाजू बरी होती, आतली मात्र गंजाने खडबडीत झाली होती, आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या ज्या पिनांवरून तो सरकायला हवा त्या मीठ व ओलाव्याने जवळपास जाम झाल्या होत्या. इथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. पेट्रोलच्या गाडीत रोजच्या घर्षणाने डिस्क घासून साफ होते, विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे काम बहुतेक वेळा मोटरच करते आणि डिस्क नुसती गंजत राहते. मागच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागले. न झिजलेल्या पॅडसाठी पैसे मोजताना जीव तुटतो, हे कबूल केले पाहिजे.

हँडब्रेकबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ओल्या रस्त्यावरून येऊन रात्री गोठणाऱ्या थंडीत तो लावून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटू शकतात. एकदा सकाळी मागचे चाक कडाडून सुटले. सपाट जागी मी आता फक्त गिअरच्या ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, भागवतो.

दुरुस्तीनंतर वर्षातून एकदा, हिवाळा संपला की, कॅलिपर उघडून साफ करून आणि पिनांना ग्रीस लावून घेतो. शिवाय दर रविवारी मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, न्यूट्रलमध्ये चार-पाच वेळा दाबून ब्रेक लावतो, म्हणजे मोटरची मदत न होता सारा भार डिस्कवर येतो. पहिल्या दोन वेळा खरखर ऐकू येते, नंतर आवाज मिटतो. फोक्सवॅगनने आयडी-३मध्ये मागे डिस्कऐवजी बंद डब्यासारखे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक दिले तेव्हा मी ती काटकसर समजून हसलो होतो. बंदिस्त ड्रममध्ये मीठ सहज पोहोचत नाही, हे आता कळते. पुढची गाडी पाहताना मी आधी मागच्या चाकाशी वाकणार आहे.